थकवा माणसाचा, दोष कामाचा

बहरीनमध्ये २००७ सालापासून एक नियम आहे. जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत दुपारी बारा ते चार या वेळेत उघड्या उन्हात कुणाकडूनही काम करून घ्यायचे नाही. २०२५ पासून हा काळ वाढवून १५ जून ते १५ सप्टेंबर असा तीन महिन्यांचा करण्यात आला. नियम मोडणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे ते हजार दिनार दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या नियमात कामगाराच्या सहनशक्तीची चौकशी नाही. तू पुरेसे पाणी प्यायलास का, तुला उन्हाची सवय आहे का, तुझे मन खंबीर आहे का, असले काही तो विचारत नाही. बारा वाजले की काम थांबते आणि ते थांबवण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर असते. कामाच्या ठिकाणी माणसे आतून विझून जातात, ज्याला आता सगळेच बर्नआउट म्हणू लागले आहेत, तो टाळण्याबद्दल गेल्या काही वर्षांत जगभर खूप बोलले गेले. त्या सगळ्या चर्चेपेक्षा हा साधा नियम मला अधिक शहाणा वाटतो. माणूस कामाने संपून जाऊ नये असे खरोखर वाटत असेल, तर बदल कामाच्या अटींत करावा लागतो, आणि तो मालकाच्या भलेपणावर न सोडता नियमात लिहावा लागतो. या लेखातून मला एवढेच पटवून द्यायचे आहे. त्यासाठी बहरीनसारखी दुसरी जागा नाही, कारण या छोट्या बेटावर नियमाने काय साधते आणि नियम नसला की काय होते, या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

बहरीन आकाराने मुंबईपेक्षा थोडेसेच मोठे. लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास, आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक बाहेरून कामासाठी आलेले. त्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा, तीन लाखांहून अधिक. मराठी माणसाचे या बेटाशी नाते तेलाच्याही आधीचे आहे. आपल्या नथींतले जे मोती ‘बसरा मोती’ म्हणून मिरवले, ते याच आखातातल्या शिंपल्यांतून निघत आणि मुंबईच्या बाजारात विकले जात. १९६५ मध्ये बहरीनचा दिनार आला, तोवर तिथल्या दुकानांत रुपयाच चालत असे. १९३२ मध्ये जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागले, पाठोपाठ शुद्धीकरण कारखाना उभा राहिला, १९७१ मध्ये ‘अल्बा’चा अ‍ॅल्युमिनियम कारखाना सुरू झाला, पुढे जहाजदुरुस्तीची गोदी आणि बँका आल्या. या सगळ्यांबरोबर रत्नागिरी-रायगडचे फिटर, वेल्डर, ड्रायव्हर गेले आणि पुण्या-मुंबईचे अभियंते, हिशेबनीस, डॉक्टरही गेले. आज महाराष्ट्र कल्चरल सोसायटीच्या गणेशोत्सवात ही सगळी मंडळी एकत्र दिसतात. पण कामाच्या ठिकाणी त्यांच्या वाट्याला येणारी विश्रांती मात्र एकसारखी नाही, आणि कुणाला किती विश्रांती मिळते हे कुणाला किती नियम लागू होतात यावरूनच ठरते.

रोग कुठे आहे?

आधी हा थकवा म्हणजे नेमके काय ते पाहू. १९७४ मध्ये न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था वर्णन करताना ही संकल्पना मांडली. १९८१ मध्ये ख्रिस्तिना मास्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली, पण आजार म्हणून नाही. ‘व्यवसायाशी निगडित घटना’ अशी ती नोंद आहे, आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने ती उद्भवते असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. तिची लक्षणे तीन: ताकद संपून जाणे, कामाविषयी मनात तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. म्हणजे व्याख्येतच बोट कामाकडे दाखवलेले आहे. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी पुढे सहा मुळे सांगितली: कामाचा बोजा, कामावर आपला ताबा नसणे, मोबदला अपुरा असणे, सोबत्यांचा आधार तुटणे, अन्याय, आणि मनाला न पटणारे काम करावे लागणे. या सहांपैकी एकही गोष्ट कामगाराच्या स्वभावात नाही. सहाही कामाच्या व्यवस्थेत आहेत.

आणि तरीही जगभरच्या कंपन्या उपाय करतात ते कामगाराच्या स्वभावावर. ध्यानाचे वर्ग, ताणमुक्तीची शिबिरे, मन:शांतीची मोबाइल अ‍ॅप, योगदिनाची सामूहिक आसने. यांचा उपयोग किती होतो हे आता मोजले गेले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बऱ्या स्थितीत नव्हते. थोडाफार फरक दिसला तो फक्त सेवाभावी कामाची संधी मिळालेल्यांत. डॉक्टरांच्या बाबतीत २०१७ मध्ये १९ अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणातही हेच दिसले: डॉक्टरला स्वत:ला सांभाळायला शिकवणाऱ्या उपायांपेक्षा पाळ्या, कामाचा भार आणि कामाची पद्धत बदलणाऱ्या संस्थात्मक उपायांचा परिणाम अधिक होता. योगासने वाईट नाहीत. ज्याला त्यातून बरे वाटते त्याने ती जरूर करावीत. पण ओव्हरटाइम जसाच्या तसा ठेवून वर योगवर्ग भरवणे म्हणजे गळक्या पिंपाखाली रोज नवी बादली ठेवण्यासारखे आहे.

दवाखान्यांचा दाखला बहरीनमधलाही आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत तिथल्या २५७ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. त्यातल्या सुमारे तीनचतुर्थांश लोकांची झोप बिघडलेली होती आणि सुमारे ८५ टक्के लोक मध्यम ते तीव्र ताणाखाली होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की थेट कोविड रुग्णांची सेवा करणाऱ्यांत आणि इतर विभागांत काम करणाऱ्यांत फारसा फरक आढळला नाही. संकट एका वॉर्डात असले तरी पाळ्या, अनिश्चितता आणि अपुरे मनुष्यबळ सगळ्या इमारतीचे असते. ज्याची झोप उडाली तो दुबळा होता, असे या आकड्यांकडे पाहून कोण म्हणेल?

कागदावरची विश्रांती आणि कागदाबाहेरची माणसे

बहरीनचा खाजगी क्षेत्रासाठीचा कामगार कायदा २०१२ चा आहे, क्रमांक ३६. तो वाचताना आखाताविषयीच्या आपल्या अनेक समजुतींना धक्का बसतो. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा. रमजानमध्ये मुस्लिम कामगारांना दिवसाला सहा तास. सलग सहा तासांहून जास्त काम नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची सुटी. ओव्हरटाइमला दिवसा पंचवीस आणि रात्री पन्नास टक्के जादा दर. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती, आणि लागोपाठ दोनपेक्षा अधिक वेळा ती सुटी काढून घ्यायची असेल तर कामगाराची लेखी संमती हवी. वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा. त्याशिवाय २००२ च्या कायद्याने कामगार संघटना उभारण्याचा हक्क दिला, आणि २००६ च्या कायद्याने बेकारी विमा सुरू केला, जो आखाती देशांत पहिला होता. ज्याला नियमांची ही छत्री पूर्ण मिळते, त्याची दमछाक होत नाही असे नाही, पण तिला कुठेतरी शेवट असतो.

आता या छत्रीच्या काठावर उभ्या असलेल्यांकडे पाहू. घरकाम करणाऱ्या बायका, आया, स्वयंपाकी, माळी, घरचे ड्रायव्हर यांना याच कायद्याने वार्षिक रजा आणि सेवासमाप्तीची रक्कम दिली, पण कामाच्या तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुटी यांच्या कलमांतून बाहेर ठेवले. २०१७ मध्ये श्रमबाजार नियामक प्राधिकरणाने घरकामगारांसाठी एकसारखा करार आणला. त्यात कामाचे तास आणि सुटीचा दिवस लिहायचे रकाने आले, मात्र त्या रकान्यात जास्तीत जास्त किती लिहायचे यावर मर्यादा आली नाही. मालकाच्या घरातच राहणाऱ्या बाईची ड्युटी कधी संपते, याचे उत्तर मग त्या घराच्या स्वभावावर अवलंबून राहते. चांगले घर मिळाले तर ती शुक्रवारी बाहेर पडते, नाही मिळाले तर पहाटेच्या न्याहारीपासून मध्यरात्रीच्या भांड्यांपर्यंत तिचा दिवस चालतो. ह्यूमन राइट्स वॉचने २०१२ मध्ये बहरीनवर जो सविस्तर अहवाल दिला, त्यात ठेवून घेतलेले पासपोर्ट, थकवलेले पगार आणि घरकामगारांचे अमर्याद तास यांची नोंद आहे. दमून संपून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त कुठे, तर जिथे नियम सर्वांत कमी तिथे. हा योगायोग नाही.

दुसरा धागा नोकरी सोडण्याच्या हक्काचा. मास्लाक ज्याला ‘ताबा’ म्हणतात त्याचे सर्वांत मूलभूत रूप म्हणजे, हे काम सोसवत नाही, मी दुसरीकडे जातो, असे म्हणता येणे. आखातात व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. कफीलच्या, म्हणजे त्या मालकाच्या, परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नाही, ही तिथली जुनी रीत. बहरीनने २००६ मध्ये श्रमबाजार नियामक प्राधिकरण स्थापले आणि १ ऑगस्ट २००९ पासून मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. आखातातले ते पहिले पाऊल होते. पण २०११ मध्ये त्याला अट लागली, की आधी त्या मालकाकडे एक वर्ष काढलेच पाहिजे. २०१७ मध्ये कामगाराला स्वत:च्या नावावर काढता येणारा ‘फ्लेक्सी’ परवाना आला, आणि २०२२ मध्ये तो बंद करून नोंदणी केंद्रांची वेगळी व्यवस्था आणली गेली. एक पाऊल पुढे, अर्धे मागे. आणि ही बाब फक्त लेबर कॅम्पची नाही. वातानुकूलित कचेरीत बसलेल्या मराठी अभियंत्याचाही निवासाचा परवाना नोकरीवरच उभा असतो. नोकरी गेली की बायकोचा व्हिसा, मुलांची शाळा, घराचे भाडे सगळे एकदम हलते. रात्री अकराला आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाला तो उत्तर देतो ते हौसेने देत नाही. नाही म्हणण्याची किंमत त्याच्यासाठी इतरांपेक्षा फार मोठी आहे. त्याच्या थकव्याची आणि वेल्डरच्या थकव्याची जात एकच आहे, फक्त पगाराची पावती वेगळी.

तिसरा धागा पगाराचा. परदेशी जाण्यासाठी एजंटला दिलेले कर्ज डोक्यावर असेल आणि पगार दोन-तीन महिने अडकला असेल, तर कामगाराला विश्रांतीचा दिवसही सोसवत नाही. भारताच्या नियमांनुसार भरती एजंटला कामगाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, एवढेच घेता येतात. गावोगावचे मधले दलाल त्याहून किती तरी जास्त घेतात, हे कोकणातल्या कुठल्याही वाडीत ऐकायला मिळते. बहरीनने २०२१ पासून पगार बँकेमार्फत देण्याची आणि त्यावर देखरेख ठेवण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू केली. वरवर ती हिशेबाची बाब दिसते. पण पगार कधी येईल या चिंतेने जागा राहणारा माणूस दुसऱ्या दिवशी परांचीवर चढतो, तेव्हा पगाराची तारीख हीच त्याच्या मानसिक आरोग्याची पहिली अट असते.

मुंबईने हे आधी पाहिले आहे

मराठी वाचकाला हे सगळे नवे वाटायचे कारण नाही. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या पाहा: आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, गिरणी सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावी, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन आणि कायमचा जायबंदी झाल्यास भरपाई. महात्मा फुल्यांचे अनुयायी आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या या माणसापुढे ताणाच्या मानसशास्त्राची एकही प्रश्नावली नव्हती. तरीही साप्ताहिक विश्रांती, दुपारची विश्रांती, तासांची मर्यादा, वेळेवर पगार आणि जोखमीची भरपाई ही यादी आजच्या कुठल्याही तज्ज्ञाच्या यादीशी ताडून पाहावी, तिच्यात फारसे काही घालावे लागणार नाही. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटी कायद्यात आली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य असताना अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्यासाठी कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. बहरीनच्या कायद्यातला अठ्ठेचाळीसचा आकडा १९१९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेच्या करारातलाच आहे. मुंबई आणि बहरीनची राजधानी मनामा एकाच लढ्याच्या दोन टोकांना आहेत.

खुद्द बहरीनच्या इतिहासातही हा धडा आहे. तेलापूर्वी मोती काढणारे पाणबुडे उन्हाळ्याचे चार महिने समुद्रावर असत. हंगामाआधी नाखवा त्यांना उचल देई, हंगाम संपल्यावर पुन्हा उचल देई, आणि हिशेब नाखव्याच्याच वहीत असे. कर्ज फिटत नसे. बाप मेला तर ते मुलावर येई आणि मुलगा त्याच नावेवर चढे. १९२० च्या दशकात सुधारणा झाल्या, तेव्हा पाणबुड्यांना श्वास अधिक वेळ कसा रोखावा हे कुणी शिकवले नाही. नाखव्याने रीतसर हिशेब ठेवावा, त्याची प्रत पाणबुड्याला द्यावी, उचलीला मर्यादा असावी आणि बापाचे कर्ज मुलावर येऊ नये, असे नियम झाले. तिथल्या मुहर्रक शहरातली मोती-व्यापाराची जुनी घरे आज युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. त्या वारशाचा सर्वांत मोलाचा भाग मला ती हिशेबाची वही वाटते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप कामगारांच्याच नावाने घेतला जातो. त्यांनाच ओव्हरटाइम हवा असतो, सुटी दिली तर ते नाराज होतात. हे खरे आहे आणि ते झटकून टाकता येणार नाही. पाणबुड्यांच्या उचलीवर सरकारने मर्यादा घातली, तेव्हा तिच्या विरोधात १९३२ मध्ये पाणबुडेच रस्त्यावर उतरले होते. घरी पाठवायची रक्कम ठरलेली असते, बहिणीचे लग्न किंवा घराचे छप्पर थांबत नाही, मग माणूस शरीरातून पैसे काढतो. पण याचा अर्थ त्याला विश्रांती नको आहे असा होत नाही. मूळ पगार इतका कमी आहे की विश्रांती त्याला परवडत नाही, असा त्याचा अर्थ आहे. जो पर्याय निवडल्याशिवाय घर चालत नाही, त्याला निवड म्हणता येत नाही. उत्तर ओव्हरटाइम वाढवण्यात नाही, आठ तासांचा पगार पुरेसा करण्यात आणि भरतीचे कर्ज कामगाराच्या डोक्यावरून उतरवण्यात आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा: तास कमी केले तर उत्पादन घटेल. याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत कामगार आठवड्याला सत्तर तासांपर्यंत राबत, रविवारीही काम करत. त्यांच्या आरोग्यासाठी नेमलेल्या समितीने तेव्हा जमवलेले आकडे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेंकावेल यांनी २०१४ मध्ये पुन्हा तपासले. साधारण एकोणपन्नास तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते, त्यानंतर वाढीचा वेग मंदावत गेला, आणि सत्तर तासांचे उत्पादन छप्पन तासांच्या उत्पादनापेक्षा फारसे जास्त नव्हते. म्हणजे चौदा तास माणसे झिजली आणि हाती जवळजवळ काही लागले नाही. त्या झिजेची किंमत आज ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम केल्याने २०१६ या एका वर्षात ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मेली. आठवड्याला पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक होता. पंचावन्न तास म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात रोजचे नऊ तास आणि थोडी मिनिटे. बहरीनमधल्या ‘कोल्ड स्टोअर’ म्हटल्या जाणाऱ्या गल्लीतल्या किराणा दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या पोऱ्याने रात्री दुकान बंद करेपर्यंत ते केव्हाच ओलांडलेले असतात.

तिसरा आक्षेप मालकांचा खास आवडता: नोकरी बदलायची मोकळीक दिली तर माणसे टिकणार नाहीत, त्यांना आणायला केलेला खर्च वाया जाईल. शेजारच्या संयुक्त अरब अमिरातीत २०११ मध्ये करार संपल्यावर मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाण्याची मुभा मिळाली. त्याचा परिणाम सुरेश नायडू, याव न्यार्को आणि शिंग-यी वांग या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला. कामगारांची कमाई दहा टक्क्यांहून अधिक वाढली, आणि ते त्याच कंपनीत राहण्याचे प्रमाणही वाढले, कारण कंटाळून मायदेशी परतणारे कमी झाले. दार उघडे आहे हे ठाऊक असल्यावर मालकाला माणूस जपावा लागतो, आणि जपलेला माणूस राहतो.

चौथा आक्षेप असा, की नियम कागदावरच राहतात. दुपारच्या बंदीनेच त्याला उत्तर दिले आहे. बहरीनचे कामगार मंत्रालय दरवर्षी तपासण्या करून आकडे जाहीर करते, आणि पालनाचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर असते. ते का शक्य होते? नियम एका ओळीचा आहे, तो मोडला तर रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतो, आणि त्याला शिक्षा आहे. तो पुरेसा आहे असे मात्र नाही. कुवेतमध्ये अशीच दुपारची बंदी असूनही अतिउष्ण दिवसांत कामावरच्या दुखापती वाढतात, असे २०२३ मधल्या अभ्यासात दिसले. चारनंतर आखातात दमटपणा असतोच, आणि घड्याळाला तो कळत नाही. कतारने २०२१ मध्ये तापमान आणि दमटपणा मिळून ठरणारा ३२.१ अंशांचा निर्देशांक ओलांडला, की कुठल्याही वेळी काम थांबवायचा नियम केला. बहरीननेही पुढचे पाऊल तिकडेच टाकायला हवे. इंडियन कम्युनिटी रिलीफ फंडाचे स्वयंसेवक दर उन्हाळ्यात बांधकामांवर जाऊन कामगारांना पाणी, ताक आणि फळे वाटतात. त्यांचे काम नमस्कार करावा असेच आहे. पण ताकाचा पेला दयेतून मिळतो आणि दुपारचे चार तास कायद्याने. दया एखाद्या उन्हाळ्यात कमी पडू शकते.

आपल्या दाराशी

हा सगळा विचार परदेशातल्या कामगारांपुरता ठेवून आपल्याला सुटता येणार नाही. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत लागून चारच महिने झालेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या आईने कामाच्या बोजाबद्दल कंपनीला लिहिलेल्या पत्राने देश हळहळला. त्यानंतर वर्षभरात, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतली नऊवरून दहा तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. कारखान्यांतल्या ओव्हरटाइमची तिमाही मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर गेली. आठवड्याची मर्यादा कायम आहे आणि कामगाराची संमती घेतली जाईल, असे सांगितले जाते. पण ज्याला पगार पुरत नाही त्याची संमती किती मोकळी असते, ते आपण वर पाहिलेच. ज्या मुंबईत लोखंड्यांनी सूर्यास्ताला गिरणी बंद करण्याची मागणी केली, तिच्याच राज्याने दिवस लांबवावा, हे मला चुकीच्या दिशेने टाकलेले पाऊल वाटते आणि ते मागे घेतले पाहिजे.

काय करायला हवे ते अवघड नाही. बहरीनने घरकामगारांना तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुटी देणारी कलमे लागू करावीत आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा घरकामगार करार स्वीकारावा. नोकरी बदलण्यासाठीची एक वर्षाची अट काढावी. भारत सरकारने भरती दलालांना आवरावे आणि कामगाराचा खर्च मालकाकडून वसूल होईल असे करार करावेत. आणि तिथल्या ज्या मराठी मंडळींच्या हाती पाळ्या ठरवणे आहे, रजेच्या अर्जावर सही करणे आहे, ज्यांच्या घरी स्वयंपाकाला आणि मुलांना सांभाळायला बाई आहे, त्यांना कायद्याची वाट पाहायची गरज नाही. तिच्या कामाचे तास कागदावर लिहा, सुटीचा दिवस नक्की करा, पासपोर्ट तिच्याच हातात ठेवा, पगार ठरल्या तारखेला द्या. पुण्यात, ठाण्यात, नाशकात ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनाही हेच सांगणे आहे. आठवड्यातला एक दिवस तिचा, पगार न कापता. लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांसाठी मागितलेला हा दिवस आपल्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईला आजही मागावा लागतो. या दिवाळीला भेटवस्तूबरोबर तो तिला द्या, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत दर आठवड्याला पाळा.